बादलीतलं ३८५ मिलिलिटर

आयर्लंडमधल्या बाथरूममध्ये सहसा बादली नसते. आमच्या कॉर्कच्या घरात आहे. शॉवर असला तरी बादलीशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, त्याला काय करणार!

धाकट्याचं लीव्हिंग सर्टचं वर्ष होतं. आजोबांशी (म्हणजे माझे अप्पा, मुक्काम चाळीसगाव) त्याचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." दोन मिनिटांत फोन माझ्या हातात. एका रविवारी अप्पांनी शेजारच्या मुलीच्या दहावीच्या पुस्तकातलं गणित घातलं. शंकूछेदाच्या आकाराची बादली, वरची त्रिज्या १४ सेंमी, खालची ७, उंची ३०. पाणी किती मावेल?

"शंकूछेद म्हणजे?"

"शंकूचं टोक कापल्यावर उरतो तो," मी म्हटलं.

"ओह, फ्रस्टम!"

मी तोंडीच उत्तर ठोकलं. सरासरी त्रिज्या साडेदहा, म्हणजे (पायची किंमत २२/७ धरून) १०.३९५ लिटर. त्याने सूत्रांची पुस्तिका उघडली. परीक्षेत ती सगळ्यांना मिळते आणि इथली मुलं तिला अजूनही लॉग टेबल्स म्हणतात. त्यात सूत्र छापलेलंच आहे. उत्तर १०.७८. आई ३८५ मिलिलिटरने नापास! आम्ही हेच सूत्र घोकून घोकून पाठ केलं होतं, आणि तेच विसरले होते.

"पुस्तिका मीट," आजोबा म्हणाले. "बादलीच्या बाजू खाली वाढव. कुठे मिळतात?"

३० सेंमीत त्रिज्या निम्मी झाली, म्हणजे आणखी ३० सेंमीवर शून्य. अख्खा शंकू ६० सेंमी उंच, १२.३२ लिटरचा. खालच्या छोट्या शंकूची सगळी मापं निम्मी, म्हणून घनफळ आठवा हिस्सा, १.५४. वजाबाकी केली की झालं.

मग माझ्या चुकीची चिरफाड. त्रिज्येचा वर्ग होतो, त्यामुळे वरचं रुंद तोंड सरासरीच्या अंदाजापेक्षा जास्त पाणी घेतं. त्रिज्यांऐवजी दोन्ही तोंडांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ११.५५ लिटर येतात, म्हणजे उलट ७७० मिलिलिटर जास्त, माझ्या चुकीच्या बरोबर दुप्पट. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात खड्ड्यांच्या घनफळासाठी हेच वापरलं: दोन्ही उत्तरांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा पहिल्यात मिळवा. फरक १.१५५, तिसरा हिस्सा ०.३८५. तंतोतंत! पहिल्या उत्तराला तो 'व्यावहारिक' म्हणतो. त्यामुळे माझं उत्तर चूक नव्हतं, व्यावहारिक होतं, असं मी घरात सांगत असते.

"सुट्टीत ये," अप्पा म्हणाले, "पाटणादेवीला नेतो." चाळीसगावजवळच्या त्या गावी १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला होता.

फोन पन्नास मिनिटं चालला. पुढच्या रविवारी त्याने आपणहून लावला.

"आजोबा, आमच्या बादलीचं बूड मध्ये वर आलंय. त्याचं काय करू?"