कुटुंबाचा नकाशा, वीस ओळींत

घरातल्या आजी-आजोबांना 'आपण मूळचे कुठले?' असं विचारून पाहा. उत्तरात एकाच गावाचं नाव क्वचित मिळतं. मूळ गाव एक, कुलदैवत दुसरीकडे, आजोबांची नोकरी तिसरीकडे आणि आत्या लग्न होऊन चौथ्याच शहरात. त्यातून तुमचं घर वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर किंवा तंजावरचं मराठी घर असेल, तर ही यादी दोन-तीन राज्यांत पसरते. मुलांना हे तोंडी सांगितलं तर ती मान डोलावतात आणि विसरतात. नकाशावर दाखवलं की मात्र विचारतात, 'एवढ्या लांबून आलो आपण?'

असा नकाशा घरच्या घरी बनवता येतो. पैसे लागत नाहीत आणि कोड साधारण वीस ओळींचा असतो.

त्यासाठी लागतं 'लीफलेट' नावाचं एक छोटं साधन. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे. युक्रेनमधल्या कीवचे प्रोग्रॅमर वोलोदिमिर अगाफोन्किन यांनी ते २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचं वजन सुमारे ४२ केबी, म्हणजे सकाळी ग्रुपवर येणाऱ्या 'सुप्रभात'च्या फोटोपेक्षाही बहुधा कमी. त्यामुळे साध्या फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवरही ते उघडतं. नव्या आवृत्त्यांत नकाशाच्या कोपऱ्यात लीफलेटच्या नावाशेजारी युक्रेनचा चिमुकला झेंडा दिसतो. तो युद्ध सुरू झाल्यानंतर आला.

नकाशा येतो कुठून?

लीफलेटकडे स्वतःचा नकाशा नसतो. ते फक्त चौकट देतं. आतलं चित्र येतं 'ओपनस्ट्रीटमॅप'वरून. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरातले स्वयंसेवक मिळून भरतात. हे चित्र एकसंध नसतं. फरशा बसवाव्यात तसे छोटे चौकोनी तुकडे शेजारी शेजारी बसतात. सगळ्यात लांबून पाहिलं तर अख्खं जग एका तुकड्यात मावतं. एक पायरी जवळ गेलं की त्याचे ४ होतात, मग १६, मग ६४. दहाव्या पायरीला ही संख्या दहा लाखांच्या पुढे जाते. पण तुमच्या स्क्रीनवर दिसणारे मोजकेच तुकडे फोन मागवतो. हलकेपणाचं गुपित हेच.

आता कोड. लीफलेटच्या वेबसाइटवर सुरुवातीचा नमुना तयार मिळतो. तो 'कोडपेन'सारख्या ऑनलाइन एडिटरमध्ये चिकटवायचा. फोनवरही जमतं, पण लॅपटॉप असेल तर बोटांवर दया करा. नमुन्यात पाहण्यासारख्या ओळी थोड्याच आहेत. 'एल.मॅप'ची ओळ नकाशा कुठून आणि किती जवळून दाखवायचा ते सांगते. 'एल.टाइललेअर'ची ओळ तुकडे मागवते. 'एल.मार्कर'ची ओळ खूण लावते आणि तिला जोडलेल्या 'बाइंडपॉपअप'मध्ये तुम्ही लिहाल तो मजकूर खुणेवर टिचकी मारली की उघडतो. तो मराठीत लिहिता येतो: 'आजीचं माहेर', 'बाबांची पहिली शाळा', काहीही. एक ठिकाण, एक ओळ.

नकाशाच दिसला नाही, पान कोरं राहिलं, तर घाबरू नका. बहुतेकदा नकाशाच्या डब्याला उंची द्यायची राहिलेली असते.

दुसरी हमखास गडबड आकड्यांची. प्रत्येक ठिकाणाला दोन आकडे लागतात, आधी अक्षांश, मग रेखांश. पुण्याचे साधारण १८.५२ आणि ७३.८५. ते उलटे लिहिले तर पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात जातं. हे आकडे मिळवायला फोनवरच्या नकाशात त्या जागी बोट दाबून धरलं की पुरतं.

दशांशात दडलेलं घर

हे आकडे लांबलचक असतात, पण सगळे वापरायची गरज नाही. दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक सुमारे ११ मीटरचा फरक दाखवतो, म्हणजे तुमचं गेट. दोनच अंक ठेवले तर जागा साधारण एक किलोमीटरच्या आसपास धूसर होते, म्हणजे तुमचा परिसर. मंदिर, शाळा, एसटी स्टँड यांना चार अंक द्या. कुणी सध्या राहत असलेल्या घरांना दोनच. एकट्या राहणाऱ्या मावशीच्या दारावर अचूक खूण आणि वर 'मावशी इथे एकटी असते' हा मजकूर, असं तर अजिबात नको. कोडपेनवर फुकट खात्यातलं काम सगळ्यांना दिसतं, हे लक्षात असू द्या.

कोड नकोच वाटत असेल तर 'यूमॅप' वापरा. ते लीफलेटवरच उभं आहे आणि त्यात नुसतं बोटाने खुणा लावता येतात.

पण मला या नकाशाचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी दिसतो: जी गावं आता नाहीत, तिथे. उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमेकाठचं जुनं पळसदेव गेलं. तिथलं पळसनाथाचं मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कधी कधी वर येतं. कोयनेच्या शिवसागर जलाशयानेही अनेक गावं पोटात घेतली आणि तिथली माणसं दूरदूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसली. रस्ता दाखवणाऱ्या ॲपला अशा गावाचा पत्ता विचारला तर ते नव्या वसाहतीकडे नेतं. तुमच्या नकाशावर मात्र खूण सरळ पाण्यात लावता येते. कुणी अडवत नाही.

अशी जागा नेमकी आठवत नसते. कुणी म्हणतं पार नदीच्या जवळ होता, कुणी म्हणतं बराच वर. तिथे टोकदार खुणेपेक्षा 'एल.सर्कल' वापरा. त्याला त्रिज्या मीटरमध्ये देता येते. पाचशे मीटरचं वर्तुळ काढायचं आणि मजकुरात लिहायचं: 'आजोबांच्या आठवणीनुसार, याच भागात.' हेच मला जास्त प्रामाणिक वाटतं. हे वर्तुळ भरायचं काम मात्र पुढे ढकलू नका. जुन्या गावात लहानपण गेलेली माणसं आता थकली आहेत. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा फोन हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसा.

एक सावधगिरी. लांबून पाहिल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर भारताच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे दिसत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळे 'मिनझूम' आणि 'मॅक्सबाउंड्स' या दोन सोयी वापरून नकाशा आपल्या गावांपुरताच ठेवा. संपूर्ण देश दाखवायचाच असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या वेबसाइटवरचा नकाशा घ्या. आणि कोपऱ्यातलं ओपनस्ट्रीटमॅपचं नाव पुसू नका, ती त्यांची अट आहे.

लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली की दुरुस्त्या येणारच. 'विहीर इकडे नव्हती', 'आमचा वाडा देवळाच्या मागे होता.' लीफलेटच्या नमुन्यात शेवटी काही ओळी असतात, त्या काढून टाकू नका. त्यांच्यामुळे नकाशावर कुठेही बोट टेकवलं की तिथले आकडे दिसतात. मोठ्या काकांनी विहिरीच्या जागी बोट ठेवायचं, दिसलेले आकडे ग्रुपवर पाठवायचे आणि तुम्ही तेवढी एक ओळ बदलायची.