पेढीतला सांधेवाला

बँकेत पैसे काढावयास गेलेल्या माणसाच्या कानावर हल्ली एक वाक्य हमखास पडते : "लिंक नाही, थोडे थांबा." हे 'थोडे' म्हणजे किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही!

निफाडसारख्या तालुक्याच्या गावी या थांबण्याची किंमत मोठी असते. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या कांद्याच्या नामांकित बाजारपेठा याच तालुक्यातल्या. शेतकऱ्याच्या कर्जपुरवठ्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच मांडणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्मही १८४२ साली निफाडचाच. अशा गावातली एखादी पतसंस्था डोळ्यांपुढे आणा. आठ टर्मिनले, बाजाराचा दिवस. कुणाला मजुरी चुकती करावयाची आहे, कुणाला मुलाची फी भरावयाची आहे, आणि आठही पडदे एकाएकी स्तब्ध! दोष कधी बाहेरून येणाऱ्या तारेचा असतो, तर कधी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या लहानशा पेटीचा. तिचे नाव स्विच. ती कशी पारखावी, हे संचालकांइतकेच सभासदांनीही समजून घेतलेले बरे. पैसा अखेर आपलाच ना?

निफाडहून गाडी मनमाडला पोहोचली की पुढे वाटा फुटतात : एक भुसावळकडे, एक दौंडकडे, एक छत्रपती संभाजीनगरकडे. गाडी योग्य रुळावर घालण्यासाठी सांधे बदलावे लागतात. स्विच हा पेढीतला सांधेवालाच. प्रत्येक निरोपावर पत्ता असतो. तो वाचून स्विच निरोप नेमक्या तारेत घालतो. पूर्वीचा 'हब' मात्र दवंडीवाला होता. एकाचा निरोप साऱ्यांना ऐकवी, आणि दोघे एकदम बोलू लागले की गोंधळ! गंमत अशी की, १९९० साली अनेक संगणकांना एकाच वेळी असे जोडणारी पहिली इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज. नाव त्यांच्या पत्नीचे. त्या पेटीला खाचा, म्हणजे पोर्ट, होते सात. १९९४ साली सिस्को कंपनीने 'कल्पना' विकत घेतली.

आता पारख. दुकानदार आधी खाचा मोजून दाखवतो. आठ टर्मिनले म्हणून आठ खाचा घेऊ नयेत. छापयंत्र, कॅमेरा आणि बाहेर जाणारी तार यांनाही जागा लागते. पण खरा प्रश्न गर्दीच्या वेळेचा. २४ खाचा असतील, आणि प्रत्येकीतून सेकंदाला १ गिगाबिट जात व तितकेच येत असेल, तर पेटीची आतली क्षमता ४८ गिगाबिट हवी. मग कोणी कोणासाठी खोळंबत नाही. मात्र संस्थेचा मुख्य संगणक परगावी असेल, तर सर्वांना एकाच तारेने बाहेर पडावे लागते. ती तारच मंद असता महागडी पेटी घेणे म्हणजे गावची वेस अरुंद ठेवून अंगण रुंद करण्यासारखे आहे!

दुसरी परीक्षा दुकानदारासमोरच घ्यावी. एका केबलची दोन्ही टोके त्याच पेटीच्या दोन खाचांत घालावयास सांगावे. साफसफाईच्या दिवशी सुटलेले टोक कोणीतरी असेच खोचतो. मग निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सारी कचेरी ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली उपाय शोधला : पेटी फेरा ओळखते आणि एक वाट आपण होऊन बंद करते. स्वस्त पेट्यांत ही सोय बहुधा नसते. रोकड मोजणारी टर्मिनले आणि ग्राहकांसाठीचे वायफाय यांच्यात भिंत घालणारी 'व्हीलॅन'ची सोयही विचारून घ्यावी.

तिसरी परीक्षा हवेची. निफाडला थंडीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो. कित्येक साध्या पेट्या ० ते ४० अंशांपुरत्याच बनवलेल्या असतात. पत्र्याखालच्या बंद कपाटात तापमान याच्या पुढे जावयास कितीसा वेळ? संगणक बॅटरीवर आणि पेटी मात्र साध्या प्लगवर, हा प्रकारही पुष्कळ ठिकाणी दिसतो. वीज गेली की पडदे जागे, पण सांधेवाला झोपलेला! शिवाय तांब्याची तार १०० मीटरच्या आतच चालावयाची. आवाराच्या टोकाला असलेल्या वजनकाट्यापर्यंत अंतर त्याहून अधिक असेल, तर काचतंतूची तार घालावी.

आणि एक जादा पेटी कपाटात तयार ठेवावी. तिच्यासाठी पडलेले पैसे संचालकांना खर्च वाटतील. पण बाजाराच्या दिवशी चालती पेटी बंद पडली, तर तेच पैसे सभासदांच्या रांगेला अर्ध्या तासात घरी पाठवतील. दुकानात पेटीची किंमत रुपयांत लिहिलेली असते. पेढीत ती माणसांच्या खोळंब्यात मोजावी लागते.