खोबऱ्याची वाटी आणि विमानतळाचे नियम

ता. 16 एप्रिल 2025 रोजीं मुंबईहून निघालेलें अलायन्स एअरचें विमान अमरावतीजवळ बेलोरा येथें उतरलें आणि अमरावतीकरांची वर्षानुवर्षांची वाट पाहणें संपलें. ज्यांच्या आजोबांनीं बडनेऱ्याच्या फलाटावर वळकटीला टेकून मेलची वाट पाहत रात्री काढल्या, त्यांच्या नातवंडांस तो दिवस मोठा वाटला, ह्यांत नवल नाहीं. परंतु आमच्या परिचयाच्या घरांतून तेव्हांपासून एक कुरकूरही ऐकूं येते : "विमान आलें खरें, पण नियम किती ! हें नेऊं नका, तेथें उभे राहूं नका, आंत येऊं नका !" ही कुरकूर आम्हीं स्वतःही केलेली आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाई भाचेसुनेच्या ओटीभरणासाठीं विमानानें निघाल्या होत्या. पेटींत खण, खारका, हळकुंडें आणि खोबऱ्याच्या वाट्या. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर पेटी उघडावयास लावून तेवढ्या वाट्या काढून घेण्यांत आल्या. "अंगावरचें सोनें चाललें, आणि खोबरें चाललें नाहीं !" म्हणून आत्याबाई संतापल्या. आम्हांसही तो शुद्ध आडमुठेपणा वाटला.

पुढें शोध घेतां निराळेंच कळलें. सुक्या खोबऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक तेल असतें. हवेंतील प्राणवायूशीं त्या तेलाचा संयोग होतां होतां उष्णता निर्माण होते. ढीग दाटीनें भरलेला असला तर ती बाहेर जात नाहीं, आंतल्याआंत सांचते, आणि एखादे वेळीं कोणीं काडी न लावतां माल पेटतो. धोक्याच्या मालाची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, तींत अशा आपोआप पेटणाऱ्या पदार्थांमध्यें खोबऱ्याचा क्रमांक 1363 आहे. त्याच्या लगत 1364 वर तेलकट कापसाचा कचरा, आणि 1365 वर ओला कापूस ! येथें मात्र वऱ्हाडी माणसास अधिक सांगणें न लगे. ओल्या कापसाची गंजी आंतून तापते, हें येथील शेतकऱ्यास कोणत्याही यादीवांचून ठाऊक आहे. दोन-चार वाट्या म्हणजे कांहीं गंजी नव्हे, हें खरें. पण पेटी पोटांत गेल्यावर तिच्याकडे पाहणारें कोणी नसतें, म्हणून नियम सरसकट केला. ह्याच कारणास्तव मोबाइलला वीज पुरविणारी पॉवर बँक उलट पेटींत न घालतां हातांतील पिशवींतच ठेवावी लागते. ती पेटली तर दिसावी आणि विझवितां यावी म्हणून.

हें सारें आम्हीं आत्याबाईंस समजावून सांगितलें. त्या म्हणाल्या, "मग हें त्यानें तेथेंच कां नाहीं सांगितलें ?" ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. कारण न सांगतां लादलेला नियम मनुष्यास जाच वाटतो, आणि तेथें दोष नेहमीं प्रवाशाचाच असतो असें नाहीं.

प्रवाशास जितके नियम, त्याच्या अनेक पट विमान चालविणाऱ्यास. त्यांतील एक आमच्या उन्हाळ्याशीं निगडित आहे. बेलोऱ्याची धांवपट्टी पूर्वीं 1372 मीटर होती, ती 1850 मीटर करण्यांत आली. तापलेली हवा विरळ असते. ती पंखांस पुरेसा आधार देत नाहीं, म्हणून विमानास अधिक धांवावें लागतें. धांवपट्टी आंखतांना समुद्रसपाटीपासूनच्या दर 300 मीटर उंचीस शेंकडा 7, आणि त्या उंचीवरील प्रमाण तापमानाहून जितके अंश अधिक, तितके शेंकडा लांबी वाढवावी, असा ठोकताळा आहे. अमरावतीची उंची सुमारें 340 मीटर व वैशाखांतील दुपारचें सरासरी तापमान 42 अंश धरलें, तर समुद्रकांठीं थंड हवेंत जेथें 1000 मीटर पुरले असते, तेथें आम्हांस सुमारें 1390 मीटर लागतात. घरांतील मुलांस हें गणित जरूर घालावें. भर उन्हाळ्यांत कंपनी कधीं कांहीं जागा रिकाम्या ठेविते किंवा सामान मागें ठेविते, ती नेहमींच लबाडी नसते.

अकोल्याचें दुःख ह्याच गणितांत आहे. शिवणीची धांवपट्टी 1943 सालची, म्हणजे युद्धकाळची, आणि आजच्या विमानांस आखूड. ती वाढवावी तर शेजारीं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. शेतीचें शास्त्र शिकविणाऱ्या संस्थेनें प्रयोगाचीं शेतें सहज सोडावीं, असें आम्ही म्हणणार नाहीं; पण हा प्रश्न इतकीं वर्षें लोंबकळला, आणि 2025 सालींही अकोलेकर नियमित विमानाची वाटच पाहत होते, ही गोष्ट खेदाची होय.

दुसरा नियम दृष्टीचा. यंत्रांच्या खुणांवरून विमान उतरविण्याची सोय जेथें नसते, तेथें वैमानिकास डोळ्यांनीं पाहूनच उतरावें लागतें, आणि त्यासाठीं साधारणतः 5 किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसणें अवश्य मानलें आहे. पौषांतील धुक्यांत विमान रद्द झालें म्हणजे आम्ही चिडतों. परंतु न दिसतां उतरणारा वैमानिक आपणांस हवा आहे काय?

आतां जे नियम विमानांत पाऊलही न ठेवणारांस लागू आहेत, त्यांकडे वळूं. 1937 च्या वायुयान नियमांनीं विमानतळापासून 10 किलोमीटरांच्या आंत उघड्यावर जनावरें कापणें, सोलणें किंवा पक्षी गोळा होतील असा केरकचरा टाकणें ह्यांस मनाई केली. 2024 च्या नव्या अधिनियमानें ह्या अपराधास 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें जाणाऱ्या विमानावर एक घार आदळली तरी यंत्र बंद पडूं शकतें. "आम्ही मांसाशनी नव्हे, तेव्हां हा नियम आमचा नव्हे," असें कोणी मनांत आणील, तर त्यानें आपल्याच घरच्या मुंजीनंतर कार्यालयामागें पडलेला उष्ट्या पत्रावळींचा ढीग आठवावा. घारी-कावळे गोत्र पाहून येत नाहींत. शिवणी शहरापासून अवघ्या 7 किलोमीटरांवर असल्यानें अकोल्याचा पुष्कळसा भाग ह्या वर्तुळांत येतो. लग्नांत छायाचित्रें घेणाऱ्या ड्रोनचेंही तसेंच. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरांच्या आंत तें परवानगीवांचून उडवितां येत नाहीं, आणि 8 ते 12 किलोमीटरांच्या पट्ट्यांत 200 फुटांहून वर नेतां येत नाहीं. छायाचित्रकारास विसार देण्यापूर्वीं यजमानानें हें विचारून घ्यावें.

निरोपाचा नियम तेवढा आमच्या मनास अजून रुचलेला नाहीं. तिकीट व ओळखपत्र असल्यावांचून आंत प्रवेश नसतो. फलाटावर खिडकीशीं उभें राहून, गाडी हलेपर्यंत "पोंचल्याचें कळवा हो" म्हणणें येथें नाहीं. दारांतच नमस्कार करावयाचा आणि कांचेंतून पाठ पाहावयाची.

आत्याबाई आतां बेलोऱ्याहून मुंबईस जावयाच्या आहेत. ओटीचें खोबरें दादरला घ्यावयाचें ठरलें आहे. खारका मात्र त्या येथूनच नेणार.