वाऱ्याविरुद्ध वीस किलोमीटर

सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माणगंगेच्या काठी म्हसवड आहे. महाबळेश्वर येथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हसवडच्या वाट्याला येतो तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्री चढतानाच रिते होतात. वारा मात्र डोंगर ओलांडून पुढे येतो आणि उघड्या माळावर त्याला अडवणारे फारसे काही नसते. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर.

‘खराब हवेत सायकल शर्यत’ म्हटले की आपल्याला मुसळधार पाऊस आठवतो. माणदेशात पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूला पहिला सामना द्यावा लागतो तो वाऱ्याशी. त्याबद्दल खेळाडूंमध्ये, आणि त्यांना शर्यतीला नेणाऱ्या शिक्षकांमध्येही, एक समजूत आढळते : शर्यत जाऊन-येऊन असेल तर वाऱ्याची चिंता नको, जाताना जे गमावले ते येताना भरून निघते. हे खरे आहे का? नववी-दहावीच्या गणिताने तपासता येते.

समजा, म्हसवडहून गोंदवल्याच्या दिशेने २० किलोमीटर जायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे. वरच्या अंगाला जाताना थोडा चढ आहे, पण सध्या रस्ता सपाट धरू. हवेचा विरोध हा सायकलस्वाराच्या हवेच्या तुलनेतील वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाकून बसलेल्या स्वारासाठी तो, न्यूटनमध्ये, साधारण ०.२ गुणिले वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रति सेकंदात) इतका भरतो. टायर आणि रस्ता यांच्यातला विरोध सुमारे ३.७ न्यूटन घेऊ. वारा पडलेला असताना आपला स्वार सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर एकूण विरोध २३.७ न्यूटन. त्याला वेगाने गुणले की लागणारी शक्ती मिळते : २३७ वॅट. पूर्ण ४० किलोमीटरला त्याला ६६.७ मिनिटे लागतील.

आता पश्चिमेचा वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वाहू द्या. माळावर हा काही मोठा वारा नव्हे. स्वार तेवढीच शक्ती लावतो आहे. जाताना हवेच्या तुलनेतील वेग म्हणजे त्याचा वेग अधिक ५, येताना त्याचा वेग उणे ५. समीकरण घन येते, पण ते सोडवायची गरज नाही. वेगवेगळ्या किमती घालून पाहिल्या की उत्तर हाती लागते, आणि वर्गात हे करून घेणे अधिक मजेचे ठरते. जाताना वेग ताशी २५.७ किलोमीटर भरतो, येताना ४८.१.

या दोन वेगांची सरासरी ३६.९. म्हणजे वाऱ्याने फायदाच केला! बहुतेक विद्यार्थी येथे फसतात. वेळ मोजा : जाताना ४६.७ मिनिटे, येताना २४.९ मिनिटे, एकूण ७१.६. वारा नसतानाच्या वेळेपेक्षा जवळजवळ पाच मिनिटे जास्त. खरा सरासरी वेग ताशी ३३.५ किलोमीटरच. कारण साधे आहे. अंतर दोन्हीकडे सारखे असले तरी स्वार वाऱ्याविरुद्ध जवळजवळ दुप्पट वेळ असतो. तोटा दीर्घ काळ सोसावा लागतो, फायदा थोडाच वेळ मिळतो.

यातूनच जोर कुठे लावायचा तेही कळते. वाऱ्याविरुद्ध शक्ती दहा टक्क्यांनी वाढवली तर सुमारे दोन मिनिटे वाचतात. वारा पाठीशी असताना तेवढीच वाढवली तर पाऊण मिनिटाच्या आसपास. खर्च झालेल्या ऊर्जेच्या हिशेबातही पहिला सौदा दुपटीहून स्वस्त पडतो. नवखा स्वार नेमके उलट करतो : वारा पाठीवर आला की हुरूप येऊन जीव तोडून पेडल मारतो.

अर्थात शर्यतीत कोणी एकटा नसतो. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून गेले की मागच्याचा हवेचा विरोध साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश कमी होतो, म्हणून एकाच महाविद्यालयाची मुले आळीपाळीने पुढे येतात. वारा बाजूने असेल तर आडोसा मागे नव्हे, तिरका मागे मिळतो. मग स्वारांची तिरकी रांग रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरते आणि रस्ता संपला की मागच्यांना आडोसाच उरत नाही. अशा ठिकाणी जथा तुटतो. एकेरी डांबरी रस्त्यावर या रांगेत पाच-सहा जणच मावतात.

पाऊस आला तर प्रश्न वेगाचा राहत नाही, थांबण्याचा होतो. फार दिवसांनी पडलेली पहिली सर सर्वांत वाईट : रस्त्यावरची धूळ, तेल आणि शेतातून आलेली काळी माती यांचे निसरडे सारवण तयार होते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.८ धरला तर ओल्यावर तो ०.४ पर्यंत उतरतो. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्यात ताशी ४५ किलोमीटरपर्यंत तगता येते, ओल्यात ३२ पर्यंतच. घर्षण निम्मे झाले तरी वेग निम्मा करावा लागत नाही, कारण तो घर्षणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. थांबण्याचे अंतर मात्र सरळ दुप्पट होते. त्यात रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर रबर आधी पाणी पुसते, मग धरते. चाकाचे पहिले एक-दोन फेरे फुकट जातात. जत्थ्यातल्या सगळ्यांनी हे अंतर आधीच सोडले नाही तर एक पडला की मागचे दहा पडतात. टायर पाण्यावर तरंगेल ही भीती मात्र अनाठायी आहे. अरुंद आणि घट्ट फुगवलेल्या टायरला त्यासाठी ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वेग लागेल.

राहिली थंडी. आपल्याकडे ती कोणी गंभीरपणे घेत नाही. पण अंगावरचे एक ग्रॅम पाणी सुकताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते, आणि वाऱ्यात ते भराभर सुकते. भिजलेला स्वार चढावर गरम राहतो, पण उतारावर पाय थांबले की काही मिनिटांत कुडकुडू लागतो. बोटे बधिर होतात आणि ब्रेकवरचा ताबा जातो. १९८० साली बेल्जियममधील लीएज-बास्तोन-लीएज ही शर्यत हिमवर्षावात झाली. १७४ जणांनी सुरुवात केली, पोहोचले २१. बर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला. त्याच्या दोन बोटांची संवेदना मात्र पूर्णपणे परत आली नाही. जुने शर्यतपटू घाट उतरण्यापूर्वी सदऱ्याच्या आत, छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवतात. कागद वारा अडवतो, आणि घड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही.