आधी ओळख, मग गोळी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा शनिवार. रात्री पावणेआठच्या सुमारास यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर अशा साऱ्या विदर्भाच्या आकाशातून पेटत्या ठिपक्यांची एक रांग सरकत गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी विमान म्हणजे दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून मुंबई-कोलकात्याच्या वाटेने जाणारा लुकलुकता ठिपका. त्यामुळे हे दृश्य पाहताच पहिला तर्क झाला तो विमान पेटल्याचा. कोणी उल्का म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र. क्षेपणास्त्राचा तर्कही अगदीच हवेतला नव्हता. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, ९ मार्चला, भारताचं ब्राह्मोस चुकून सुटलं होतं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं होतं.

वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. पुढच्या काही दिवसांत आसपास धातूचे गोळेही मिळाले. आता पाळी जाणकारांची होती. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचं रॉकेट उडालं होतं. वेळ जुळली, म्हणून काहींनी ते त्याच्या नावावर टाकलं. पुढे उपग्रहांच्या कक्षांवर नजर ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडलेला निष्कर्ष मान्यता पावला: फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून खाली आला होता.

गावकरी चुकले आणि जाणकारही चुकले, तरी कोणाचं काही बिघडलं नाही. कारण यांच्यापैकी कोणाचंच बोट बंदुकीच्या घोड्यावर नव्हतं. हीच चूक रडारसमोर बसलेल्या अधिकाऱ्याची किंवा लढाऊ विमानातल्या वैमानिकाची झाली, तर? हवाई दलांच्या मेसमध्ये चवीने सांगितले जाणारे कितीतरी किस्से याच प्रश्नाभोवती फिरतात.

कागदावरची ओळख

भारताच्या आकाशात शिरणाऱ्या विमानाला हवाई संरक्षण मंजुरीचा, म्हणजे एडीसी क्रमांक लागतो. विमानातला ट्रान्सपॉन्डर चार आकडी संकेत पाठवत राहतो. त्यात ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद आणि ७७०० म्हणजे आणीबाणी. लष्करी विमानांकडे याशिवाय आयएफएफ यंत्रणा असते. ती 'तू आपला की परका?' असं विचारते आणि परवलीचं उत्तर मागते. उत्तर आलं नाही, तर लढाऊ विमान जवळ जातं आणि पंख डावी-उजवीकडे हलवतं. 'माझ्यामागे ये' ही जगभर चालणारी खूण. थोडक्यात, आकाशात ओळख पटते ती चेहऱ्यावरून कमी आणि कागदपत्रांवरून जास्त.

जून २००९ मधला मुंबईचा किस्सा याचा मासला आहे. दिएगो गार्सियाहून कंदाहारला निघालेलं एक एएन-१२४ मुंबईला उतरवण्यात आलं. जगातल्या सर्वांत मोठ्या मालवाहू विमानांपैकी हे एक. ६९ मीटर लांब, पंखांचा विस्तार ७३ मीटर. ते कोणाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. घोटाळा होता नावाचा. अमेरिकी लष्कराने भाड्याने घेतलेल्या या विमानाने परवानगी नागरी विमान म्हणून घेतली होती आणि हवेत कॉल साइन मात्र लष्करी वापरली. लष्करी विमानाची परवानगी वेगळी, तिचे नियम वेगळे. खुलासे झाले आणि धूड पुढे गेलं.

याच मुंबईत डिसेंबर १९९५ मध्ये उलटा प्रकार घडला होता. पुरुलियात शस्त्रं टाकणारं एएन-२६ परतीच्या वाटेवर हवाई दलाच्या मिग-२१ने अडवून सहार विमानतळावर उतरवलं. विमान अगदी बरोबर ओळखलं होतं. पण सूत्रधार किम डेव्ही विमानतळावरून सहीसलामत निसटला. आकाशात जमलेलं जमिनीवर हुकलं.

मनात आधीच असलेला शत्रू

१० मे २०१९. बालाकोटच्या हवाई हल्ल्याला अडीच महिने झालेले, सीमेवर सगळे सावध. तिबिलिसीहून कराचीमार्गे दिल्लीला निघालेलं जॉर्जियाचं एक एएन-१२ ठरलेली वाट सोडून उत्तर गुजरातकडून आत शिरलं आणि रेडिओवर उत्तर देईना. दोन सुखोई-३० उडाली आणि त्याला जयपूरला उतरवलं. तोवर वृत्तवाहिन्यांवर ते 'पाकिस्तानी विमान' होऊन बसलं होतं. चौकशीत निघालं ते एक वाट चुकलेलं मालवाहू विमान.

२६ जानेवारी २०१६ ला जैसलमेरवर रडारवर काहीतरी दिसलं. पठाणकोटचा हल्ला त्याच महिन्यातला, त्यात प्रजासत्ताक दिन. सुखोईने ते पाडलं आणि निघाला फुगा! तो पाकिस्तानच्या बाजूने आल्याचं तेव्हाचे संरक्षणमंत्री, आपल्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी सांगितलं.

या बाबतीत अमेरिका आपल्या चार पावलं पुढे आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरनंतर तीन महिन्यांच्या आत, लॉस एंजेलिसच्या तोफांनी एका रात्रीत चौदाशेहून अधिक गोळे आकाशात डागले. जपानी विमान तिथे एकही नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चिनी हेरगिरीचा फुगा पाडल्यावर रडारची चाळणी बारीक केली गेली आणि लागोपाठ तीन दिवसांत तीन अनोळखी वस्तू पाडल्या. ह्युरॉन सरोवरावर पहिलं क्षेपणास्त्र चक्क हुकलं. एकाची किंमत चार लाख डॉलरच्या घरात. त्याच सुमारास इलिनॉयमधल्या हौशी मंडळींच्या एका क्लबने आपला छोटा फुगा अलास्काजवळून बेपत्ता झाल्याचं जाहीर केलं. युकॉनवर पाडलेली वस्तू बहुधा तीच असावी. अशा फुग्याला खर्च येतो फार तर दोनशे डॉलर.

हे सगळे किस्से जवळजवळ ठेवले की एक गोष्ट दिसते. चूक डोळ्यांची क्वचितच असते. आदल्या आठवड्यात जे घडलेलं असतं, तेच माणसाला आज आकाशात दिसतं. रडार अधिक तीक्ष्ण केलं तरी हा दोष जात नाही, उलट दिसणारे ठिपके तेवढे वाढतात.

जिथे हसू थांबतं

ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरून तीन दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन पाडली. एक वैमानिक गेला. आपला-परका ओळखणाऱ्या यंत्रणेची निकड त्या सकाळी सगळ्यांना पटली. ऐंशी वर्षांनी, २७ फेब्रुवारी २०१९ ला, ही यंत्रणा असूनही श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही आमची मोठी चूक होती, अशी कबुली तेव्हाचे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिली.

जयपूर आणि बडगाम यांच्यात फक्त अडीच महिन्यांचं अंतर आहे. देश तोच, हवाई दल तेच, तणावही तोच. जयपूरच्या वेळी कोणीतरी जवळ जाऊन पाहिलं. बडगामला तेवढा वेळ घेतला गेला नाही.

म्हणूनच या साऱ्या किस्स्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो लडाखचा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग चौकीवरून जवानांनी आकाशातल्या तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा त्या सीमा ओलांडून आत आल्याचा शेरा मारला. चिनी ड्रोन असणार, असा संशय होता. सैन्याने भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. शास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या संदर्भाने या वस्तू कशा सरकतात, ते नोंदवायला सांगितलं. उत्तर मिळालं: संध्याकाळनंतरची वस्तू गुरू, पहाटेची शुक्र.

यावर देशभर हसं झालं. पण त्या चौकीवरच्या जवानांनी कडाक्याच्या थंडीत महिनोन्‌महिने वेळ, दिशा, उंची टिपली, एकही गोळी झाडली नाही आणि आपल्याला उमगत नाही ते ज्याला कळतं त्याला विचारलं. हसं झालं तर होऊ द्यावं. हसण्यासारखा किस्सा मागे राहणं, हाच अशा चुकीचा सर्वांत चांगला शेवट असतो.