अध्यक्षांच्या नावाने आलेला ईमेल



गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी संध्याकाळी मला आपल्या अध्यक्षांच्या नावाने ईमेल आला. इंग्रजीत चारच ओळी होत्या: मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. हॉस्पिटलमधल्या एका लहान मुलासाठी तातडीने गिफ्ट कार्डे हवी आहेत. तुम्ही घ्या, पैसे रविवारी देतो. कुणाला सांगू नका, ते कुटुंब संकोची आहे.

मी मदतनिधीच्या समितीवर काम करते, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. बर्फातून मार्कहॅम रोडवरच्या दुकानात गेले, दोनशे डॉलर्सची दोन कार्डे घेतली, मागची पट्टी खरवडली आणि नंबरांचे फोटो पाठवले. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलेही, "कुणी ईमेलवर मागितली आहेत का?" मी म्हटले, "देवळाच्या कामासाठी आहेत."

अर्ध्या तासात आणखी सहाशेची मागणी आली. तेव्हा कुठे मी अध्यक्षांना फोन लावला. ते घरी जेवायला बसले होते. चारशे डॉलर्स गेले ते गेलेच. पण दोन आठवड्यांनी एका नव्याने आलेल्या कुटुंबासाठी खरे आवाहन निघाले, तेव्हा लोकांनी हात आखडता घेतला. "हे तरी खरे आहे ना?" असे फोन आले. त्याचे मला पैशांहून जास्त वाईट वाटले. म्हणून संकोच बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

गळ कसा ओळखावा

अशा फसवणुकीला फिशिंग म्हणतात, म्हणजे गळ टाकून बसणे. गळाला आमिष दयेचे असते, भीतीचे असते किंवा लोभाचे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नावाने लोकांना फोनवर अटकेची धमकी दिली जात होती. तिथे भीती होती, माझ्या बाबतीत दया. घाई मात्र दोन्हीकडे सारखीच. विचार करायला आणि कुणाला विचारायला वेळच मिळू नये, एवढ्यासाठी ती असते.

पाठवणाऱ्याचे नाव कुणालाही हवे ते लिहिता येते. कार्यकारिणीची नावे तर आपणच छापतो. म्हणून नावावर बोट ठेवून त्यामागचा पत्ता उघडून पाहा. मी नंतर पाहिला, तर तो भलताच होता.

लिंक उघडण्यापूर्वी तिचा पत्ता वाचा. फोनवर बोट दाबून धरले की तो दिसतो. आपल्या नावात आडनाव शेवटी येते, तसेच इथेही समजा: पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन शब्द पाहायचे. 'कॅनडा डॉट सीए' हे सरकारचे घर. पण 'कॅनडा डॉट रिफंड-तपासणी डॉट कॉम' असे असेल, तर घर 'रिफंड-तपासणी डॉट कॉम'चे आहे. पुढे लावलेला कॅनडा नुसता दाखवायला.

गुढीपाडव्याच्या सुमारास इथे टॅक्स भरण्याचाही हंगाम असतो. तेव्हा लक्षात ठेवा: सीआरए, म्हणजे कॅनडाचे महसूल खाते, रिफंड कधीही इंटरॅक ई-ट्रान्सफरने पाठवत नाही. तो थेट बँकेत जमा होतो किंवा चेकने येतो. आणि कोणतेही सरकारी खाते गिफ्ट कार्डांत पैसे मागत नाही.

एवढे सगळे लक्षात राहिले नाही, तरी एक नियम पाळा: निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेने उत्तर द्यायचे नाही. ईमेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. मी हा फोन अर्धा तास आधी केला असता, तर चारशे डॉलर्स वाचले असते.

खात्यांना कुलूप

ऑगस्ट 2020 मध्ये चोरांनी कॅनडा सरकारच्या ऑनलाइन सेवांत शिरकाव केला. 'जीसीकी' या प्रवेश-सेवेची 9,041 खाती आणि सीआरएची सुमारे 5,500 खाती त्यात सापडल्याचे तेव्हा जाहीर झाले. चोरांनी कुलूप फोडले नव्हते. इतर ठिकाणांहून चोरीला गेलेले पासवर्ड त्यांनी इथे लावून पाहिले, आणि अनेकांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवल्यामुळे ते चालले.

म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवा. आठवत नसेल तर वहीत लिहून वही घरात कपाटात ठेवा. सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण इतर खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे निरोप तिथेच येतात. दुहेरी पडताळणी सुरू करा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोडही लागतो. तो कोड कुणालाही सांगू नका, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. ई-ट्रान्सफरसाठी बँकेत ऑटोडिपॉझिट लावून घ्या. पैसे थेट खात्यात येतात, लिंक उघडावी लागत नाही.

फसलोच तर

त्याच दिवशी बँकेला कळवा आणि पासवर्ड बदला. गिफ्ट कार्ड आणि पावती जपून ठेवा, कार्डाच्या कंपनीला लगेच फोन करा. ओळखपत्रांची माहिती गेली असेल तर इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन्हींना कळवा. कॅनडाच्या फसवणूकविरोधी केंद्राचा नंबर 1-888-495-8501 आहे, टोरांटो पोलिसांचा तातडीचा नसलेल्या कामांसाठीचा 416-808-2222. संशयित एसएमएस 7726 वर पुढे पाठवता येतो.

आमचे मागणे

आपले ट्रस्ट गिफ्ट कार्डे मागत नाही आणि मागणारही नाही. मदतीचे प्रत्येक आवाहन या पत्रिकेत आणि सूचनाफलकावर असेल. नसेल तर देऊ नका, आधी कार्यालयात फोन करा. धर्मादाय संस्था कोणतीही असो, तिचा नोंदणी क्रमांक मागा. त्यात नऊ अंक, मग 'आरआर' ही अक्षरे आणि पुढे चार अंक असतात. सीआरएच्या संकेतस्थळावरील यादीत तो तपासता येतो.

तरुण मंडळींना विनंती, या रविवारी घरातल्या आजी-आजोबांजवळ अर्धा तास बसा आणि त्यांच्या फोनवर एवढे करून द्या. कुणी फसले असेल तर रागावू नका. रागाच्या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि तेवढ्यात चोर दुसरी मागणी करतो.

नव्याने आलेल्या त्या कुटुंबाला अजून हिवाळी कपड्यांची आणि महिन्याच्या किराण्याची गरज आहे. हे आवाहन खरे आहे. तरीही फोन करून खात्री करा, मग सढळ हाताने द्या.

आपली,
मदतनिधी समितीतील एक स्वयंसेविका