वाढत्या अंगाची सायकल

आपल्या मध्यम स्थितीच्या घरांत कपडा शिवावयाचा तो वाढत्या अंगाचा, ही रीत फार जुनी आहे. थोरल्याचा कोट धाकट्यास, धाकट्याचा चुलतभावंडास आणि शेवटीं त्याच्या पिशव्या, हा क्रम एकत्र कुटुंबांत वाढलेल्या प्रत्येकास ठाऊक असेल. या काटकसरीवर कित्येक घरांतील मुलांचीं शिक्षणें पार पडलीं. तेव्हां तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. कोट सैल झाला तर फार तर शाळेंत चार मुलें हंसतील. परंतु हीच रीत शर्यतीच्या सायकलीस लावली म्हणजे काय होतें, याचा अनुभव आमच्या घरीं नुकताच आला. त्यांत दोष सायकलीचा नसून आम्हां वडील मंडळींचा होता, म्हणूनच तो येथें सांगत आहों.

आमचें घर सांगलीस. पुतण्यानें कॉलेजांत असतांना शर्यतीची सायकल घेतली होती. पुढें नोकरीनिमित्त तो परगांवीं गेला आणि सायकल धाकट्या बहिणीकडे आली. मुलीचें वय सोळा. ती रोज पहांटे आष्ट्याच्या रस्त्यानें जाई, आणि सुटीच्या दिवशीं मैत्रिणींबरोबर साताऱ्यास जाऊन यवतेश्वराचा घाट चढे. एका शर्यतीसाठीं तिनें नांवही दिलें होतें. घरांतून एकच अट होती: सीटवर बसल्या जागीं दोन्ही पायांचीं निदान बोटें तरी जमिनीला टेकलीं पाहिजेत, म्हणजे पडण्याचें भय नको. त्या अटीप्रमाणें आम्हींच सीट जितकी खालीं जाईल तितकी खालीं केली. दोन महिन्यांत तिचे गुडघे पुढच्या बाजूनें दुखूं लागले. जिना उतरतांना ती कठडा धरूं लागली. आजी म्हणाल्या, "मुलीच्या जातीनं गुडघे मोडून घ्यायचे, ते या चाकांपायीं? विकून टाका ती सायकल." घरांतील बहुतेकांचें मत तसेंच पडलें. तरीही आधीं डॉक्टरांस दाखवावें असें ठरलें. त्यांनीं तपासून हाडांस कांहीं इजा नसल्याचें सांगितलें आणि एकच प्रश्न विचारला, "सीटची उंची कोणीं ठरविली?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधतां शोधतां जें कळलें, तेंच या लेखांत दिलें आहे.

वास्तविक सायकल ही आमच्या मुलुखास नवखी नव्हे. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ बेळगांवांतील सायकलींच्या दुकानापासून झाला, आणि तो उद्योगसमूह आपलें जन्मवर्ष १८८८ असें मानतो. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधु रामूअण्णा त्या विकून लोकांना चालविण्यास शिकवीत. योगायोग असा कीं, त्याच १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. पुढें १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली ती औंध संस्थानांत. आज ती सांगली जिल्ह्यांत आहे. हा जिल्हाही १९४९ सालीं साताऱ्यांतून वेगळा निघाला आणि १९६० पर्यंत दक्षिण सातारा या नांवानेंच ओळखला जाई. तात्पर्य, सव्वाशें वर्षांहून अधिक काळ सायकल आपल्या परिचयाची आहे. पण आपण ती बाजारास व शाळेस जाण्याचें वाहन म्हणून ओळखतों. शर्यतीची सायकल ही तिची बहीण असली तरी स्वभावानें अगदीं वेगळी.

हा वेगळेपणा हिशेबानें लवकर कळेल. शर्यतीची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी मिनिटास सुमारें नव्वद वेळां पेडल फिरवते. म्हणजे तासास प्रत्येक गुडघा पांच हजार चारशें वेळां वांकतो, आणि तीन तासांच्या फेरींत सोळा हजारांवर. साध्या सायकलीवर पोष्टापर्यंत जाणाऱ्यास सीट बोटभर खालीं असली तरी कांहीं बिघडत नाहीं. येथें तीच चूक सोळा हजारांनीं गुणली जाते. शिवाय सीट खालीं असली म्हणजे पाय वर येतांना गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो, आणि अशा दुमडलेल्या स्थितींत जोर लावल्यानें वाटीवर दाब पडतो. आमच्या मुलीचें दुखणें बहुतेक याच जातीचें होतें. ज्या काळजीनें आम्हीं सीट उतरविली, तीच काळजी तिच्या गुडघ्यास भोंवली.

मग सीट किती वर असावी? यासाठीं घरांतील टेप आणि जाड पुठ्ठ्याचें एखादें पुस्तक पुरतें. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभें राहावें. पुस्तक दोन्ही मांड्यांमध्यें आडवें धरून, सीटवर बसतांना जेवढा दाब येतो तेवढ्या दाबानें वर सरकवावें आणि त्याच्या वरच्या कडेपाशीं भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचें अंतर ही पायाची आंतली लांबी. तीन वेळां मोजून सरासरी घ्यावी. या लांबीस ०.८८३ नें गुणलें म्हणजे पेडलांचे दांडे ज्या आंसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचें अंतर मिळतें. फ्रान्सचे शिक्षक गिमार आणि अमेरिकेचा शर्यतपटु ग्रेग लेमाँड यांच्यामुळें १९८० नंतरच्या दशकांत हा आंकडा प्रसिद्ध झाला. आमच्या मुलीची लांबी ७४ सेंटिमीटर भरली. म्हणजे सीट ६५.३ वर हवी. आम्हीं मोजली तेव्हां ती ६० वर होती!

हा आंकडा वेदवाक्य नव्हे, आरंभाची खूण आहे. ताळा पाहण्याची रीत सोपी आहे. दुसऱ्या कोणाला सायकल धरावयास सांगून सीटवर बसावें आणि टांच पेडलावर ठेवून तें अगदीं खालीं न्यावें. पाय नुकता सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणें चवडा ठेवला कीं गुडघ्यास थोडा बांक, म्हणजे पंचवीस ते पस्तीस अंशांचा, आपोआप राहतो. चालवितांना कंबर डावीउजवीकडे डोलूं लागली किंवा गुडघ्याची मागची बाजू दुखूं लागली, तर सीट फार वर गेली असें समजावें. पुढची बाजू दुखल्यास ती बहुधा खालीं किंवा फार पुढें असते.

येथें वडील मंडळींची शंका उभी राहील: सीट एवढी वर नेल्यास पाय टेकणार कसे? उत्तर असें कीं, शर्यतीच्या सायकलीवर बसून थांबावयाचेंच नसतें. थांबतांना सीटवरून पुढें उतरून फ्रेमची आडवी नळी दोन पायांत घेऊन उभें राहावयाचें. ही उतरण्याची कला मोकळ्या मैदानावर एका दिवसांत साधते. मात्र त्या नळीवर पाय मोकळे टेकले पाहिजेत, आणि आमच्या घरची खरी अडचण येथेंच निघाली. भावाची फ्रेम ५६ मापाची. मुलीस तिच्यावर नीट उभेंच राहतां येत नव्हतें. तिचें भय खोटें नव्हतें, पण त्याचा उपाय सीट उतरविणें हा नव्हता.

उंची ठरली म्हणजे सीटचें पुढेंमागें होणें पाहावयाचें. हें काम गवंड्याच्या ओळंब्यानें होतें. पेडलांचे दांडे जमिनीशीं समांतर ठेवून पुढच्या पायाच्या वाटीच्या खालून ओळंबा सोडावा. दोरी पेडलाच्या आंसाच्या आसपास पडली म्हणजे ठीक. आजचे जाणकार हा नियमही केवळ आरंभापुरता मानतात. सीटची पातळी पाणसळीनें पाहावी. ती सपाट असावी, किंवा नाक एकदोन अंश खालीं. बायकांच्या बैठकीचीं हाडें सामान्यतः अधिक अंतरावर असतात, म्हणून सीटची रुंदी त्याप्रमाणें निवडावी. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यावर पायरीवर बसून उठलें असतां दोन खळगे उमटतात, त्यांवरून तें अंतर कळतें.

हॅण्डलाचा विचार सर्वांत शेवटीं. घर बांधतांना पाया आधीं व छप्पर मागाहून, तसेंच हें. पुष्कळ जण हॅण्डल दूर वाटतें म्हणून सीट पुढें ओढतात. त्यानें हाताची सोय होते आणि गुडघ्याची गैरसोय. हॅण्डल दूर असल्यास त्यास फ्रेमशीं जोडणारा आंखूड दांडा, म्हणजे स्टेम, बदलावा. हॅण्डलाची रुंदी खांद्यांच्या हाडांएवढी असावी, कोपर किंचित् वांकलेलें राहावें, आणि नवशिक्यानें हॅण्डल सीटच्या बरोबरीस किंवा थोडेंच खालीं ठेवावें. थोर शर्यतपटूंचें पाहून तें एकदम वीतभर खालीं नेणारास मानेचें दुखणें आणि हातांस मुंग्या हीं दोन बक्षिसें आधीं मिळतात. ब्रेकची मूठ लहान हातास दूर पडत असल्यास ती जवळ आणण्याचा स्क्रू बहुतेक ब्रेकांस असतो. तो फिरविण्यास विसरूं नये. पेडलांच्या दांड्यांचीही मापें निरनिराळीं असतात. १७० मिलिमीटर किंवा त्याहून लांब दांडे पूर्वीं सर्रास बसवीत. आतां कल आंखूड दांड्यांकडे आहे. २०२४ ची फ्रान्सची महाशर्यत पोगाचारनें १६५ चे दांडे वापरूनच जिंकली, मग बुटक्या मुलांनीं लांब दांड्यांचा आग्रह कां धरावा?

सांगली आणि सातारा या दोन गांवांचा भेद गिअरांत दिसतो. कृष्णाकांठच्या सपाटीवर पुढच्या चक्रास ५० दांते व मागच्यास ११, असें जोडलें असतां पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें साडेनऊ मीटर जाते. हाच गिअर घेऊन यवतेश्वर चढूं पाहणारा गुडघे गमावून बसेल. घाटांत पुढें ३४ व मागेंही ३४ असे दांते असल्यास एका फेऱ्यास दोन मीटरांच्या वर थोडीशीच मजल होते. पण पाय हलका फिरतो आणि कासच्या पठारापर्यंत दम टिकतो. टायरांची हवाही अशीच विचारानें भरावी. दगडासारखा टणक टायर वेगवान असतो ही जुनी समजूत आहे. ऊंसाच्या ट्रॉल्यांनीं उखडलेल्या आमच्या रस्त्यांवर २८ मिलिमीटरांचा रुंद टायर आणि सवाराच्या वजनाप्रमाणें बेताची हवा, हाच मार्ग सुखाचा व वेगाचाही.

एक धोक्याची सूचना. हलक्या कार्बनच्या भागांस जोरानें आवळलें तर ते तडकतात, आणि सैल ठेवले तर सरकतात. किती जोर लावावा याचा आंकडा त्या भागावरच छापलेला असतो. तो दाखविणारा पाना दुकानदाराकडे असतो, त्याच्याकडूनच आवळून घ्यावें. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतका दांडा कधींही वर काढूं नये. शिरस्त्राणावांचून तर दारापर्यंतही जाऊं नये.

बदल करावयाचा तो एका वेळीं एकच, आणि तोही तीनचार मिलिमीटरांचा. वहींत तारीख, माप आणि दुसऱ्या दिवशीं काय दुखलें तें लिहावें. बेल्जमचा एडी मर्क्स फ्रान्सची महाशर्यत पांच वेळां जिंकला. पण १९६९ सालच्या अपघातानंतर त्याची बैठक कधींच पूर्ववत् झाली नाहीं, आणि तो शर्यतींत धांवत्या सायकलीवरही पाना घेऊन सीट वरखालीं करी. एवढ्या मोठ्या पुरुषास जो प्रश्न सुटला नाहीं, तो आपल्या मुलांचा एका बैठकींत सुटेल अशी अपेक्षा धरूं नये.

आतां खर्चाची गोष्ट. शर्यतींच्या जागतिक संघटनेनें सायकलीचें किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलें आहे. म्हणजे हलकेपणासाठीं पैसा ओतण्यासही शेवट आहे. महाग पण बेमापाच्या सायकलीपेक्षां स्वस्त व मापाची सायकल सरस. आम्हीं भावाची सायकल विकली आणि त्याच पैशांत ४९ मापाची वापरलेली घेतली. डॉक्टरांनीं सांगितलेली तीन आठवड्यांची विश्रांति व व्यायाम झाल्यावर मुलीनें सीट थोडी थोडी चढवीत आपल्या मापावर नेली. दुखणें हळूहळू ओसरलें. शर्यतींत तिचा क्रमांक आला नाहीं, पण ती शेवटपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशीं कठडा न धरतां जिना उतरली. आजींनीं तें माजघरांतून पाहिलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि सायकल विकण्याची गोष्टही पुन्हां निघाली नाहीं.

पुष्कळ घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा केलेल्या असतात. सायकल चालविणारें मूल घरांत असेल तर त्या खुणेबरोबर पायाची लांबीही दर तीनचार महिन्यांनीं मोजावी, आणि सीट तेवढी वर न्यावी. कपडा वाढत्या अंगाचा शिवावा. सायकल मात्र आजच्या अंगाचीच असूं द्यावी.